बाबांची बंदूक माझ्या कारमधून नेली तर चालेल का?

प्रश्न: बाबांच्या नावावर बारा बोरची दुनळी आहे, लायसन चालू आहे. घोडा नीट पडत नाही म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागिराकडे न्यायचीय. बाबांना प्रवास झेपत नाही, माझं लायसन नाही. मी एकटा कारने नेऊ का?

उत्तर: नेता येईल, पण लगेच डिकीत टाकून निघू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्येच याची सोय आहे, लायसनधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर बिनलायसनचा माणूसही बंदूक नेऊ शकतो, पण फक्त रिपेअरला, लायसन रिन्यूअलला किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी. त्यामुळे बाबांकडून सहीचं पत्र घ्या, त्यात बंदुकीचा नंबर, लायसन नंबर, कुठे नेताय, कधी आणि कशासाठी हे सगळं येऊ द्या. मूळ लायसनही सोबत ठेवा, मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका. वाटेत मित्राच्या शेतावर थांबून एक बार काढू असं मनात असेल तर ते पत्र तिथे कामाचं नाही, मग तुमच्यावर कलम २५ लागू शकतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं शिक्षा आहे.

आता लायसन उघडून क्षेत्र बघा. तिथे फक्त तुमचाच जिल्हा असेल तर आधी जिल्हाधिकारी ऑफिसात अर्ज करून परवानगी घ्या, कमिशनरेट असेल तर पोलीस कमिशनरकडे. नाहीतर अटी मोडल्या म्हणून बाबाच कलम ३० मध्ये अडकतील.

काडतुसं घरीच, रिपेअरला ती लागतातच कशाला! निघण्याआधी दोन्ही नळ्या उघडून बघा आणि गाडीचे कप्पेही तपासा, कारण जुनं एखादं काडतूस सापडलं तर "मला माहीतच नव्हतं" हे कोर्टात मांडता येतं, सुप्रीम कोर्टाने जाणीवपूर्वक ताबा लागतो असं म्हटलंय, पण तिथपर्यंत जायचे हेलपाटे कोणाला हवेत. बंदूक कव्हरमध्ये पूर्ण झाकून न्या आणि जेवायला थांबलात तर गाडीत सोडून जाऊ नका.

नाकाबंदीत अडवलं तर आधीच सांगा, बंदूक आहे, हे कागद. कलम १९ प्रमाणे पोलीस लायसन मागू शकतात, तिथे हुज्जत नको.

आणि हो, रिपेअर करणाऱ्यालाही लायसन लागतं, कलम ५. कारागिराला आधी फोन करून तेवढं विचारा.