सुटले, पण सातबारा कुणाच्या नावावर?

प्रश्न : महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गात सांगते. यंदा एका मुलीनं विचारलं, “मॅडम, सुटल्यावर ते लोक राहिले कुठं? त्यांना शेत मिळालं का?” मला उत्तर देता आलं नाही. शिवाय पुस्तकांत ‘पश्चिमेकडचा विस्तार’ एका धड्यात असतो आणि ‘यादवी युद्ध’ दुसऱ्या. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का?
— एक शिक्षिका, वाशीम

उत्तर : आधी त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नाही. माझे आजोबा दुसऱ्याचं रान बटईनं करायचे. बोंडं फुटायच्या आधीच कापूस सावकाराच्या वहीत चढलेला असायचा. त्यामुळे कुठलीही माणसं ‘मुक्त झाली’ असं वाचलं, की जमीन कुणाच्या नावावर झाली हे मी आधी शोधते.

ते दोन धडे खरं तर एकच आहेत आणि त्याचा विषय जमीन हाच आहे. 1793 मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं आणि कापसाला सोन्याचा भाव आला. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीतली कापसाची उत्तम जमीन चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ या लोकांची होती. 1830 च्या कायद्यानं त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलायला सुरुवात झाली. 1838-39 च्या त्या वाटेवर हजारो चेरोकी मेले. रिकाम्या केलेल्या जमिनीवर राबायला व्हर्जिनिया-मेरीलँडकडून गुलाम विकत आणले गेले, आया एकीकडे आणि लेकरं दुसरीकडे. गुलामांसाठी ‘पश्चिमेकडचा विस्तार’ म्हणजे लिलावाचा चौथरा होता. 1860 च्या खानेसुमारीत त्यांची संख्या साडेएकोणचाळीस लाख भरली.

नवा मुलूख हाती आला की भांडण ठरलेलं, इथं गुलाम ठेवायचे की नाही? 1820 मध्ये नकाशावर एक रेघ ओढून, तिच्या उत्तरेला गुलामगिरी नाही अशी तडजोड केली, 1854 मध्ये ती मोडली, आणि कॅन्ससमध्ये लोकांनी मतांनी ठरवावं असं म्हटलं. लोकांनी बंदुकांनी ठरवायला घेतलं. 1856 च्या मे महिन्यात गुलामगिरीच्या समर्थकांनी लॉरेन्स गाव लुटलं, आणि तीनच दिवसांनी गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन याच्या टोळीनं समर्थकांच्या बाजूच्या पाच जणांना घरांतून ओढून काढून मारलं. नव्या मुलखात गुलामगिरी नको म्हणणारा लिंकन 1860 मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आला, गुलामगिरीवाल्या दक्षिणेतल्या राज्यांनी देशापासून फारकत घेतली आणि यादवी युद्ध पेटलं. युद्ध ‘राज्यांच्या हक्कांसाठी’ झालं असं तुम्ही कुठं वाचलं, तर मिसिसिपीचा 1861 चा जाहीरनामा बघा. आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्ण जोडलेली आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

आता एक तारीख मुलांना फळ्यावर लिहून द्या : 1 जानेवारी 1863. त्या दिवशी बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याची लिंकनची घोषणा अमलात आली. त्याच दिवशी घरवसाहतीचा कायदाही लागू झाला. पाच वर्षं राहा, जमीन कसा, 160 एकर तुमचे, खर्च फक्त नोंदणीच्या किरकोळ फीचा. युरोपातून नुकता बोटीतून उतरलेला माणूससुद्धा नागरिक होण्याचा इरादा नोंदवून दावा सांगू शकत होता. काळ्या माणसाला मात्र 1857 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नागरिकच मानलं नव्हतं. आणि हे जे 160 एकर वाटले जात होते, तेही मूळ रहिवाशांकडून घेतलेलेच होते.

जमीन अगदी हाताशी आली होती, तो प्रसंग जॉर्जियातल्या सव्हाना शहराचा. 12 जानेवारी 1865 च्या संध्याकाळी लिंकनच्या बाजूचे सेनापती शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझियर बोलले. वय 67. आठ वर्षांपूर्वी हजार डॉलर मोजून त्यांनी स्वतःला आणि बायकोला मालकाकडून विकत घेतलं होतं. ते म्हणाले, आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या कष्टानं कसू. चार दिवसांत हुकूम निघाला. दक्षिण कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतची किनाऱ्यालगतची बेटं आणि मालकांनी सोडून दिलेली भातखाचरं मुक्त झालेल्या कुटुंबांना, प्रत्येकी जास्तीत जास्त चाळीस एकर. काही महिन्यांत चाळीस हजारांच्या आसपास माणसं तिथं वसली, पेरलं, उगवलंही.

एप्रिलमध्ये लिंकनची हत्या झाली. नवा अध्यक्ष जॉन्सननं जुन्या मालकांना माफी दिली आणि माफीबरोबर जमिनीही परत केल्या. हे सांगायला ऑक्टोबरमध्ये जनरल हॉवर्ड त्याच किनाऱ्यावरच्या एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये गेले. युद्धात उजवा हात गमावलेला, मुक्त लोकांसाठीच्या सरकारी खात्याचा हा प्रमुख, मालकांना क्षमा करा म्हणाला. बेटावरच्या तिघांच्या समितीनं त्याला पत्र लिहिलं. तुमचा एक हात युद्धात गेला, तुम्ही त्यांना क्षमा करू शकाल; पण ज्यानं मला झाडाला बांधून 39 फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून चाबकानं मारलं, आणि जो आता तो देईल त्या मोबदल्यात त्याचं शेत केल्याशिवाय मला रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्याला मला क्षमा करता येत नाही. हे पत्र मी वर्गात वाचायला घेतलं तेव्हा मला पुढं वाचवेना.

पुढचं तुम्हाला ओळखीचं वाटेल. मिसिसिपीनं त्याच वर्षी कायदा केला की काळ्या माणसाला गावाच्या हद्दीबाहेर जमीन खंडानंही घेता येणार नाही. मग उरली बटई. बी-बियाणं, पीठ-मीठ दुकानदाराकडून उधार आणि पीक त्याच्याकडे गहाण. हिशेबाची वही त्याच्या हातात.

जोतीराव मात्र चुकले नव्हते. 1873 साली तिकडे काळी माणसं विधिमंडळांत बसत होती, 1870 मध्ये हायरम रेव्हेल्स मिसिसिपीतूनच सिनेटवर गेले होते. ती आशा खरी होती. 1877 मध्ये राजकीय सौदा झाला, दक्षिणेतल्या सरकारांना सांभाळणारं सैन्य मागं घेतलं, आणि मतदानाचा हक्क दहशतीनं, नंतर कायद्यानं हिरावला गेला.

राहिले कुठं, हा मुलीचा प्रश्न. बहुतेक त्याच मळ्यांत. पण काहींनी ज्या कॅन्ससमध्ये त्यांच्यावरून रक्त सांडलं होतं, तिथंच जायचं ठरवलं. 1877 मध्ये काळ्या कुटुंबांसाठी तिथं निकोडेमस हे गाव वसवलं गेलं. पुढच्या वसंतात केंटकीहून विलियाना हिकमन नवऱ्याबरोबर आल्या. पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! विलियानांना काहीच दिसेना. कुठाय गाव? नवऱ्यानं बोट दाखवलं तिकडे जमिनीतून धूर वर येत होता. झाड-लाकूड नसल्यानं लोक जमिनीत खणलेल्या खोल्यांत राहत होते, तो त्यांच्या चुलींचा धूर. विलियानांना रडू कोसळलं. तिथल्या लोकांनी कुदळ-फावड्यांनी ती गवताळ जमीन फोडली आणि त्यातल्या काहींनी 160 एकर स्वतःच्या नावावर करून घेतले.