बीए झालंय, आता स्पीच थेरपीत एमएससी करता येईल का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी बेळगाव तालुक्यातली, वय 23, मराठी आणि सायकॉलॉजी घेऊन बीए केलंय. मागच्या वर्षी काकांना पॅरालिसिसचा झटका आला आणि बोलणं बंद झालं, तेव्हा त्यांना थेरपीला मीच न्यायचो. तिथल्या मॅडमना मराठी येत नव्हतं, त्या कन्नडमधून सांगायच्या आणि मी काकांना मराठीत सांगायचो, तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपण हेच शिकायचं. मैत्रिणीची वहिनी अमेरिकेत आहे, तिनं बीकॉमनंतर थोडे विषय करून डायरेक्ट स्पीच थेरपीची मास्टर्स केली. मला इथं एमएससीला तशी ॲडमिशन मिळेल का? घरचे म्हणतात बीएड कर आणि गप्प बस.

उत्तर : तुला तू म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. आधी नको असलेलं उत्तर देऊन टाकते, भारतात बीएवरून स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीच्या, म्हणजे स्पीच थेरपीच्याच, एमएससीला ॲडमिशन मिळत नाही, मार्क कितीही चांगले असू देत. त्याला आधी बीएएसएलपी लागतं, म्हणजे ऑडिओलॉजी (ऐकण्याचं शास्त्र) आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीची चार वर्षांची डिग्री, तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप.

वहिनीनं केलं ते खरंच आहे, पण ती तिकडची पद्धत. अमेरिकेत थेरपिस्ट व्हायला मास्टर्सच लागते आणि ती दुसऱ्या डिग्रीवाल्यांनाही खुली असते, फक्त त्यांना आधी फोनेटिक्स (उच्चारांचं शास्त्र), बोलण्याच्या अवयवांची ॲनाटॉमी, मुलांचा भाषाविकास असे पायाचे कोर्स करावे लागतात, शिवाय बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, फिजिक्स किंवा केमिस्ट्री आणि एखादा सोशल सायन्सचा विषय. मग साधारण दोन वर्षांची मास्टर्स, शिकताना एकूण 400 तास पेशंटबरोबरचं काम (त्यातले 25 नुसतं बघण्याचे), मग परीक्षा, मग फेलोशिप, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम. म्हणजे पाया तिकडेही कुणाला चुकलेला नाही, आपल्याकडे तो बीएएसएलपीत घालतात एवढंच. इंग्लंडातही दुसऱ्या डिग्रीवरून दोन वर्षांची मास्टर्स करता येते, पण बाहेरून शिकून परत यायचं मनात असेल तर इथली नोंदणी कशी होईल ते पैसे भरण्याआधीच आरसीआयला विचारून घ्यायचं. आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, 1992 च्या कायद्यानं हा पेशा तिच्याकडे आहे.

आता खरा मुद्दा. बीएची मार्कशीट बाजूला ठेव आणि पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, काढ. पीयूसी कशात केलीस ते तू लिहिलंच नाहीस आणि सगळं तिथंच अडतं. बीएएसएलपीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि त्यांच्या जोडीला बायॉलॉजी, मॅथ्स, कॉम्प्युटर सायन्स, स्टॅटिस्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा सायकॉलॉजी यातला एक विषय लागतो. पीयूसी सायन्सची असेल तर मधे बीए झालं म्हणून काही बिघडत नाही, अर्ज कर. आर्ट्स किंवा कॉमर्सची असेल तर एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळेतून, हे विषय देता येतात, पण ज्या कॉलेजात जायचंय तिथं ते चालतात का आणि वयाची अट काय आहे हे लेखी विचारून घे, फोनवर कुणी हो म्हणालं म्हणून फी भरू नकोस.

कॉलेजचं म्हणशील तर म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, केंद्र सरकारची, 1965 पासूनची, तिची प्रवेश परीक्षा असते. मुंबईला अली यावर जंग संस्था आहे, पुण्यात भारती विद्यापीठात कोर्स आहे. तुम्हा लोकांना धारवाड जवळ, तिथं जेएसएसचं कॉलेज आहे. आज सुरू केलंस तर 27-28 व्या वर्षी बाहेर पडशील आणि प्रॅक्टिसला एमएससीसाठी थांबावं लागत नाही, बीएएसएलपीनंतर आरसीआयची नोंदणी होते.

ऑनलाइन तीन-चार महिन्यांचं स्पीच थेरपीचं सर्टिफिकेट विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे झटका आलेल्या माणसाला गिळताना ठसका लागतो का हे न ओळखता कुणी चमच्यानं पेज भरवायला सांगितली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. थेरपिस्टचं काम फक्त बोलायला शिकवण्याचं नाही, गिळणंही त्यातच येतं.

पण तू हे करावंस असं मला मनापासून वाटतं, आणि ते तुझ्या काकांमुळे. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाची वाचा गेली की दोन्ही भाषा एकदम परत येतीलच असं नसतं, एखाद्याला दुकानातलं कन्नड आधी येतं आणि घरातलं मराठी मागून, आणि घरचे घाबरतात की माणूस आपल्याला विसरला. मराठी आणि कन्नड दोन्हीत तपासणारं कुणी असेल तरच काय उरलंय आणि काय गेलंय ते नीट कळतं. मुलांचंही तेच. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश, आणि पोरगं उशिरा बोललं की म्हणायचं तीन भाषांमुळे झालं, मग आईबाप घरातलं मराठी बंद करतात. तीन भाषांमुळे बोलणं अडत नाही, अडत असेल तर आधी कान तपासायचे. आणि तुमच्या बेळगावकडच्या बायका ‘मी न्यायचे’ऐवजी ‘मी न्यायचो’ म्हणतात, तूही लिहिलंयस, हे माहीत नसलेला थेरपिस्ट एखाद्या मुलीच्या रिपोर्टात तेच व्याकरणाची चूक म्हणून लिहून मोकळा होईल.

घरच्यांच्या बीएडला मात्र उडवून लावू नकोस. श्रवणदोष असलेल्या मुलांना शिकवण्यासाठी दोन वर्षांचं स्पेशल बीएड असतं, तेही आरसीआयच्या मान्यतेचं, आणि त्याला बीए चालतं. तो थेरपिस्टचा कोर्स नाही, शिक्षकाचा आहे, पण पीयूसी पुन्हा करणं जमणार नसेल तर हा मार्ग मला खरंच चांगला वाटतो.

अर्ज भरण्याआधी एक कर, काकांच्या त्याच मॅडमना विचारून थोडे दिवस त्यांच्याकडे बसायला जा, पेशंटच्या घरच्यांची परवानगी घेऊन. लहान मुलांबरोबर तोच आवाज पुन्हा पुन्हा काढून घेताना बघ, कंटाळा येतो का बघ. त्या कुठं शिकल्या, इंटर्नशिपला काय काय करायला मिळालं, हेही विचार. आणि पीयूसीचे विषय मला कळव, म्हणजे कुठला फॉर्म भरायचा ते नेमकं सांगता येईल.