दूध गोठतंय, म्हणजे गॅस गेलेला नाही

प्रश्न : सर, नमस्कार. आमचा एका दरवाजाचा फ्रिज आठ वर्षांचा आहे. महिनाभरापासून मधल्या कप्प्यातलं दूधसुद्धा पातेल्याच्या कडेनं गोठतं. कोथिंबीर काळी पडते, काकडी कापली की आत बर्फाचे कण लागतात. नॉब १ वर आणला तरी फरक नाही. मशीन रात्रभर चालूच असतं. मेकॅनिक बघून गेले. गॅस कमी झालाय, भरावा लागेल म्हणाले आणि अडीच हजार सांगितले. सासूबाईंचं इन्सुलिन याच फ्रिजमध्ये, फ्रीजरखालच्या ट्रेमध्ये असतं. काय करावं?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी इन्सुलिनचं बघा, फ्रिज नंतर. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं की दिसायला पूर्वीसारखंच दिसू शकतं, पण त्याच्या गुणाचा भरवसा राहत नाही. ते वापरायचं नाही. जिथे मधल्या कप्प्यातलं दूध गोठतं, तिथे फ्रीजरखालच्या ट्रेमधली बाटली नक्कीच गोठून गेली असणार. आजच डॉक्टरांशी बोला आणि नवी बाटली आणा. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. फ्रिज ठणठणीत असला तरी त्याची जागा मधल्या कप्प्यात किंवा दारात, फ्रीजरला लागून कधीच नाही. तुमचा फ्रिज नीट होईपर्यंत शेजाऱ्यांकडे ठेवायला द्या.

आता गॅस. फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो आणि कुठे गळती झाली तरच कमी होतो. गळती झालेला फ्रिजही थांबत नाही, पण तो गार होत नाही. फ्रीजरच्या पत्र्यावर एखाद्या कोपऱ्यातच हिव धरतं, बाकी पत्रा कोरडा राहतो आणि दूध गोठायच्या ऐवजी नासतं. तुमच्याकडे नेमकं उलट आहे. गॅस भरपूर आहे, कॉम्प्रेसर जोरात आहे, फक्त ‘पुरे’ म्हणणारं कुणी उरलेलं नाही. ते काम थर्मोस्टॅटचं. अशा फ्रिजमध्ये गॅस भरणं म्हणजे धडधाकट, सीलबंद यंत्रणा कापून उघडणं. तिथून दमट हवा आत शिरली की नसलेलं दुखणं मागे लागतं. आयटीआयमध्ये निदेशक असताना मी मुलांना पहिल्या आठवड्यातच हा फरक शिकवायचो: ‘थांबत नाही आणि गोठवतो’ वेगळं, ‘थांबत नाही आणि गार करत नाही’ वेगळं. एवढं विचारायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि ते न विचारता लोकांच्या खिशाला हात घातला जातो याचं मला फार वाईट वाटतं.

नॉबच्या मागे एक डबी असते, तोच थर्मोस्टॅट. तिच्यातून सुतळीहूनही बारीक अशी धातूची नळी निघते आणि तिचं टोक फ्रीजरच्या पत्र्याला क्लिपनं दाबून बसवलेलं असतं. नळीत थोडासा गॅस भरलेला असतो (कॉम्प्रेसरच्या गॅसशी त्याचा संबंध नाही). पत्रा पुरेसा गार झाला की नळीतला दाब उतरतो, डबीतला छोटा भाता आकसतो, वीज जोडणारे पॉइंट सुटतात आणि कॉम्प्रेसर बंद होतो. पत्रा तापला की भाता फुगतो आणि पॉइंट पुन्हा जुळतात. नॉब फिरवून आपण फक्त आतल्या स्प्रिंगचा ताण बदलतो.

हे कळलं की बिघाड ओळखणं सोपं जातं. पॉइंट जळून एकमेकांना चिकटले तर मशीन थांबत नाही. नळीला चीर जाऊन तिच्यातला गॅस निघून गेला तर भाता आकसलेलाच राहतो, फ्रीजर गारच आहे असा त्याचा समज होतो आणि मशीन सुरूच होत नाही. आत दिवा लागतो, बाकी सगळं शांत. बर्फ सुरीनं खरवडायची सवय असलेल्या घरांत हा दुसरा प्रकार मी जास्त पाहिला. आणि तिसरा, बिनखर्चाचा: नळीचं टोक क्लिपमधून निसटलेलं. ते पत्र्याऐवजी हवेत लोंबत असतं, त्याला खरा गारवा कळतच नाही आणि मशीन चालत राहतं.

तुम्ही घरी एवढं करा. नॉबवर ० असेल तर तिथपर्यंत फिरवा. टक् असा आवाज येऊन मशीन लगेच थांबायला हवं. नॉबच्या मधोमध डीफ्रॉस्टचं बटण असेल तर तेही दाबून बघा, त्यानंही थांबायला हवं. दोन्हींनी थांबलं नाही, तर पॉइंट चिकटलेत असं जवळजवळ धरून चाला. थांबलं, पण १ वर ठेवल्यावर पुन्हा रात्रभर चालू राहिलं, तर प्लग काढून टॉर्च घ्या आणि नळी कुठवर जाते ते बघा. तिच्या टोकाचा बोटभर भाग पत्र्याला घट्ट टेकलेला हवा. लोंबत असेल तर मेकॅनिककडून क्लिपमध्ये नीट बसवून घ्या. काम तेवढंच. नळी मुरडू नका, तिला टोकदार वळण देऊ नका. प्लग पुन्हा लावण्याआधी ५ मिनिटं थांबा, नाहीतर कॉम्प्रेसरवर उगाच जोर येतो.

टोक जागेवर असेल तर थर्मोस्टॅट काढून तपासावा लागेल. ते मेकॅनिकचं काम, पण तुमच्यासमोर करायला सांगा. स्टीलच्या ग्लासात कुटलेला बर्फ तीन भाग आणि जाडं मीठ एक भाग. मीठ हवंच. नुसता बर्फ ० अंशाला थांबतो आणि एका दरवाजाच्या फ्रिजचा थर्मोस्टॅट तेवढ्यावर सुटत नाही, मग चांगला थर्मोस्टॅटही खराब ठरतो. मीठ घातल्यावर ग्लास उणे १५ च्या आसपास किंवा खाली जातो, बाहेरून पांढरं हिव चढतं. नॉब १ वर ठेवायचा, मल्टिमीटर (वीज तपासायचं मीटर) बीपवर लावून डबीला वायर जोडतात त्या दोन पिनांना धरायचा. पॉइंट जुळलेले असेपर्यंत बीप वाजत असते. नळीचं टोक ग्लासात खुपसलं की थोड्या वेळात डबीतून टक् येतं आणि बीप थांबते. टोक बाहेर काढून मुठीत धरलं की पुन्हा टक्, पुन्हा बीप. असं झालं तर थर्मोस्टॅट निर्दोष. बीप थांबलीच नाही तर बदला. काही शे रुपयांचा भाग आहे. डबीवरचा नंबर आणि नळीची लांबी जुन्याशी जुळवून घ्या आणि नव्याचं टोक जुन्याच्याच जागी बसवून घ्या.

आणखी एक. फ्रिजच्या मागच्या लेबलवर आर ६००ए लिहिलं असेल, तर तो गॅस पेट घेणारा असतो. स्वयंपाकघरात ज्योत पेटवून त्या नळ्यांना डाग द्यायला कुणालाही परवानगी देऊ नका.

प्रश्न : आमच्या डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये वर आइसक्रीम घट्ट राहतं, पण खाली भाजी सडते. थर्मोस्टॅट बदलला, उपयोग झाला नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या फ्रिजमध्ये गारवा वरच तयार होतो आणि पंख्यानं खाली ढकलला जातो. फ्रीजरच्या मागच्या भिंतीआड कॉइल असते. तिच्यावर बर्फाची भिंत जमली की हवेची वाट बंद होते. फ्रिज रिकामा करा, प्लग काढून दारं उघडी ठेवून एक अख्खा दिवस सोडा, खाली फडकी टाका. नंतर काही दिवस छान चालून पुन्हा तेच झालं, तर डीफ्रॉस्टचा म्हणजे बर्फ वितळवणारा हीटर, बायमेटल (कॉइलचा गारवा ओळखणारा स्विच) किंवा टायमर तपासायला सांगा. फ्रिज सुकवूनही लगेच खाली गार झालं नाही, तर आधी पंखा फिरतो का ते बघा.

प्रश्न : नॉबवरचे १ ते ७ हे अंश आहेत का? उन्हाळ्यात कितीवर ठेवायचा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अंश नाहीत. आकडा मोठा तितका गारवा जास्त, एवढाच अर्थ. मधल्या आकड्यावर ठेवा. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. ३ ते ५ अंश आले तर नॉबला हात लावू नका. ताप बघायचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याचे आकडे ३५ च्या आसपास सुरू होतात. स्वयंपाकासाठी मिळतो तो घ्या. नॉब बदललाच तर एका आकड्यानं बदला आणि पुढचं वाचन दुसऱ्या दिवशी सकाळीच घ्या.