ल्युपसमध्ये ‘पेशीमृत्यूची प्रथिने’ मोजून काय कळते?

काणकोणला राहणाऱ्या आपल्या धाकट्या बहिणीला ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असा आजार) आहे, तिच्या अहवालात एलडीएच (पेशी फुटली की रक्तात उतरणारे प्रथिन) वाढून 412 आले आहे, आणि पेशी मेल्याची खूण देणारी अशी प्रथिने मोजून आजार किती बळावला आहे हे ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. गोव्यातील प्रयोगशाळांत जीवरसायन विभागात तीस वर्षे काम केल्यामुळे नळीतल्या रक्ताविषयी मी खात्रीने बोलू शकतो. उपचार मात्र संधिवाततज्ज्ञांनीच ठरवायचे.

अशा चाचणीतून कुणीतरी गेले, म्हणजे कुठल्यातरी पेशी मेल्या, एवढे कळते. कोणत्या घरातले, म्हणजे कोणत्या अवयवातले, गेले आणि कशाने गेले, हे बहुधा कळत नाही.

मुळात पेशी मरणे हा आजार नव्हे. निरोगी शरीरातही रोज अब्जावधी पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. या शिस्तबद्ध मरणाला केर, वायली आणि करी यांनी 1972 मध्ये ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडाची पाने गळणे असा आहे. गळलेली पाने त्याच दिवशी झाडून काढली की अंगण स्वच्छ राहते, आणि ल्युपसमध्ये नेमके हे झाडणेच मागे पडते. मृत पेशींवर खूण करून भक्षक पेशींना बोलावणाऱ्या प्रथिनांपैकी सी1क्यू हे एक आहे, आणि ते जन्मतःच नसलेल्या बहुतेक माणसांना पुढे ल्युपस होतो, यावरून या सफाईचे महत्त्व लक्षात यावे. न उचललेल्या पेशी फुटतात, केंद्रकातील हिस्टोन, एचएमजीबी1 आणि डीएनए बाहेर पडतात, आणि प्रतिकारशक्ती त्यांनाच शत्रू समजून प्रतिपिंडे तयार करते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आपलेच डीएनए जाळ्यासारखे बाहेर फेकतात, हे 2004 मध्ये दाखवले गेले. त्या जाळ्यांमुळेही या आगीत तेल पडते. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेतील पेशी मरतात, म्हणून आपल्याकडच्या उन्हात बहिणीने अंगभर कपडे, छत्री आणि सनस्क्रीन यांत हयगय करू नये.

आता खुणांकडे वळू. एलडीएच हे शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते, त्यामुळे ते वाढले तरी उगम सांगत नाही. संशोधनात वापरली जाणारी एम30 चाचणी सायटोकेराटिन-18 या प्रथिनाचा, मरताना कापला गेलेला तुकडा मोजते. हे प्रथिन आवरण-पेशींमध्ये, विशेषतः यकृताच्या पेशींमध्ये असते. साहजिकच यकृतात चरबी साठलेल्या माणसातही हा आकडा वाढतो आणि सांध्यांविषयी किंवा मूत्रपिंडाविषयी तो फारसे सांगत नाही. विद्राव्य फास (पेशीमृत्यूशी संबंधित, रक्तात विरघळलेले प्रथिन) आणि एचएमजीबी1 ल्युपसच्या रुग्णांमध्ये अधिक आढळल्याचे अभ्यास आहेत. परंतु रुग्णांच्या गटाची सरासरी निरोगी गटापेक्षा जास्त असणे वेगळे, आणि एका आकड्यावरून आपल्या बहिणीचे औषध बदलणे वेगळे. मला अशा चाचण्यांविषयी मनापासून कुतूहल आहे, तरीही आज त्यांवर पैसे खर्च करावेत असे मी सांगणार नाही.

शिवाय पेशी नळीतही मरतात. मी शिकत होतो तेव्हा आमच्या शिक्षकांनी काचपट्टीवर, पूर्वी ल्युपसच्या निदानासाठी शोधली जाणारी एलई पेशी दाखवली होती: मेलेल्या पेशीचे केंद्रक गिळून फुगलेली न्यूट्रोफिल. हारग्रेव्ज यांनी 1948 मध्ये वर्णन केलेली ही पेशी दिसावी म्हणून रक्त मुद्दाम घुसळून, ऊब देऊन ठेवत असत, म्हणजे आधी नळीतच पेशी फुटत. तेव्हा जे मुद्दाम केले जाई, ते आता नकळत घडते. सुई बारीक असली, सिरिंज जोरात ओढली, किंवा रक्त सिरम (गोठलेल्या रक्तावरचे पाणी) वेगळे न करता करमल घाटातून भर उन्हात मडगावला नेले, तर तांबड्या पेशी फुटून एलडीएच वाढते. एका ठिकाणी मी असा वाढलेला आकडा खात्री न करता अहवालात जाऊ दिला होता. रुग्णाच्या घरचे दोन आठवडे विनाकारण काळजीत होते, आणि ती चूक मी अजून विसरलेलो नाही. रक्त थेट फ्रिजमध्ये ठेवणे हाही उपाय नाही, कारण थंडीत एलडीएचचे काही प्रकार निष्क्रिय होतात.

म्हणून प्रथम अहवालावर ‘हिमोलाइज्ड’ (नमुन्यातील तांबड्या पेशी फुटलेल्या) असा शेरा आहे का ते पाहावे आणि प्रयोगशाळेतच जाऊन नमुना पुन्हा द्यावा. एलडीएच दुसऱ्यांदाही वाढलेले आले, तर तो आकडा गंभीरपणे घ्यावा, कारण ल्युपसमध्ये प्रतिपिंडे शरीराच्या आतही तांबड्या पेशी फोडू शकतात. त्या वेळी हे तपासण्यासाठी हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी), बिलिरुबिन, हॅप्टोग्लोबिन आणि कूम्ब्स (तांबड्या पेशींवरील प्रतिपिंडांची) चाचणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. थकवा अचानक वाढला, डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

आजाराची चढउतार पाहण्यासाठी सी3 व सी4 (प्रतिकारशक्तीची पूरक प्रथिने), डीएनएविरोधी प्रतिपिंडे आणि लघवीतील प्रथिने याच चाचण्या अधिक उपयोगी आहेत. त्यांतही लघवीची तपासणी स्वस्त म्हणून टाळली जाते, हे मी वारंवार पाहिले आहे. मूत्रपिंडाला झळ लागल्याचे पुष्कळदा प्रथम तिथेच दिसते, तेव्हा सकाळच्या पहिल्या लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर डॉक्टर सांगतील तितक्या अंतराने न चुकता करून घ्यावे, आणि सगळे जुने आकडे तारखांसह एकाच वहीत लिहून ठेवावेत.