ताशी 50 ने पळते ती मोटरसायकलच, बॅटरीवर असली म्हणून काय झालं

तुम्ही विचारलंय की जोरात पळणाऱ्या इलेक्ट्रिक बाइक्सना मोटरसायकलसारखं लायसन्स, नंबरप्लेट, इन्शुरन्स सगळं लावावं का. आणि खाली लिहिलंय की मुलीला क्लासला जायला घ्यायचीय, एवढी कटकट मागे लावली तर लोक परत पेट्रोलकडेच जातील. माझं उत्तर हो, लावावंच. का ते सांगते, जरा लांबेल.

माझे बाबा 76 वर्षांचे. आम्ही कोथरूडला राहतो, आमची गल्ली अशी की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावी लागते. गेल्या वर्षी संध्याकाळी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेले होते, मागून गाडी आली, आवाज काहीच नाही, आणि एकदम पाठीतच. खुबा मोडला. मुलगा थांबला, दहावी-अकरावीतला वाटत होता, "सॉरी आजोबा" म्हणाला, मग लोक जमायला लागले तसा गाडी काढून निघून गेला. सोसायटीच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतंय, पांढरी गाडी, निळी सॅक, पण मागे नंबरप्लेटच नाही तर शोधणार कोणाला. माझ्या भाच्याने ते फुटेज बघून खाली जाऊन दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजलं, 28 मीटर भरलं, आणि गाडीने ते दोन सेकंदात पार केलं होतं. म्हणजे ताशी 50. आमच्या गल्लीत!

चौकीत पहिला प्रश्न हाच की नंबर काय. नंबर नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार.

त्यानंतर मी नियम वाचून काढले. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत असं आहे की मोटरची ताकद 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 च्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल तर ती दुचाकी मोटार वाहनच धरत नाहीत, म्हणजे लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. यातलं एक जरी ओलांडलं तरी ती कायद्याने मोटार वाहन, मग हिरवी नंबरप्लेट, हेल्मेट, थर्ड पार्टी इन्शुरन्स (म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला लागलं तर त्याला भरपाई देणारा) सगळं आलंच. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आधीच लिहून ठेवलंय, फक्त ते गल्लीपर्यंत पोचलेलं नाही.

का नाही पोचलं? कारण मॉडेल पास होताना ताशी 25 चंच होतं आणि नंतर दुकानात त्याचं वेग अडवणारं लॉक काढतात. अशा गाड्या तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या देशातल्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आमच्या घरापासून दिसते त्या टेकडीवरच आहे, तिथे गाडी नीट तपासली जाते, आणि खाली कोणीतरी कंट्रोलरमधली, म्हणजे मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणाऱ्या डबीतली, एक वायर इकडची तिकडे करून तीच गाडी दुप्पट पळवतं. मी मुद्दाम दोन दुकानांत जाऊन विचारलं. एकजण म्हणाला आम्ही असलं करत नाही, दुसरा म्हणाला ताई गाडी घ्या, लॉक फ्रीमध्ये काढून देतो. इतक्या सहज. मे 2022 मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर मोहीम काढली होती, तेव्हा आरटीओने गाड्या धरल्याही, पण मोहीम संपते आणि दुकान चालूच राहतं. माझं स्पष्ट मत आहे की दंड मुलाच्या आधी लॉक काढणाऱ्या दुकानदाराला आणि असं सहज निघणारं लॉक बसवणाऱ्या कंपनीला व्हायला पाहिजे.

वेगाचं एवढं का घेऊन बसलेय विचाराल तर, ताशी 25 ला गाडी सेकंदाला सात मीटर जाते, 50 ला चौदा. समोर म्हातारं माणूस दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तर जातोच. आणि वेग दुप्पट झाला की धडकेतली ताकद दुप्पट नाही, चौपट होते. त्यात या गाड्यांचे ब्रेक, टायर सगळं 25 च्या हिशोबाने केलेलं. अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही, 60 किलोच्या मर्यादेत बॅटरी धरलेलीच नाही. लेड ॲसिडच्या चार-पाच बॅटऱ्या सीटखाली टाकल्या की गाडी जवळपास पेट्रोल स्कूटरएवढी जड होते, त्यावर बसणारा वेगळा. चीनमध्ये 2019 ला जो नियम आला त्यात बॅटरी धरून 55 किलो होते, वेग तिथेही 25 च, आणि तिथे या हळू गाड्यांनाही नंबर लागतो. जर्मनीत ताशी 45 पर्यंत जाणारी इलेक्ट्रिक सायकल असते, तिला इन्शुरन्सची प्लेट आणि हेल्मेट लागतं, 25 वालीला काही नाही.

नंबरप्लेट म्हटलं की लोकांना दंडाची पावती आठवते. मला आता बाबा आठवतात. नंबर असता तर मालक सापडला असता, इन्शुरन्स असता तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावता आला असता. ऑपरेशनचा खर्च आम्ही घरातूनच केला, तो मुलगा कदाचित गरीब घरातला असेल, त्याच्या आईवडिलांना एवढे पैसे देणं जमलंही नसतं, म्हणून तर थर्ड पार्टी असतं ना. अज्ञात वाहन ठोकून पळालं तर गंभीर जखमीला 50 हजार मिळायची सरकारी योजना आहे, पण तीही मोटार वाहनाने ठोकलं तरच, आणि पळून गेलेली गाडी मोटार वाहन होती का खेळण्यातली हे आता आम्ही सिद्ध कसं करायचं?

आता दुसरी बाजू, तीही माझ्याच घरातली. मी डबे करून देते, पोळी-भाजीचे, रोजचे चाळीसेक. ते पोचवणारे काका 61 वर्षांचे, आयुष्यभर सायकल चालवली, गुडघे गेल्यावर दोन वर्षांपूर्वी हळू वाली ई-स्कूटर घेतली. लायसन्स कधी काढलंच नाही. ते आमच्या टेकडीच्या चढावर इतके हळू जातात की मागचे लोक हॉर्न वाजवतात. या माणसाला आळंदी रोडच्या आरटीओत लायसन्सची टेस्ट द्यायला पाठवा म्हणणारे पण असतात आणि ते मला अजिबात पटत नाही, त्यांची रोजीरोटी त्यावर आहे. म्हणून सगळ्या इलेक्ट्रिकला एकच नियम लावा म्हणू नका. 25 च्या आत खरोखर राहते तिला मोकळं सोडा, त्यापुढे गेली की मोटरसायकल. फार तर हळू गाडीलाही एक साधा नंबर द्या, फी न घेता. बाबा म्हणतात पूर्वी सायकलला पण नगरपालिकेचा बिल्ला असायचा, तेव्हा कोणी सायकल चालवायची थांबवली का?

पेट्रोलकडे परत जातील म्हणता, तर मला नाही वाटत. 2021 पासून बॅटरीच्या गाड्यांना रजिस्ट्रेशनची फी माफ आहे, आणि नंबरप्लेट लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर कर्वे रोडला सिग्नलला उभं राहून बघा किती दिसतात. लोकांना रोजचा पेट्रोलचा खर्च नको आहे, तो लायसन्स काढल्याने वाढत नाही.

तुमच्या मुलीसाठी म्हणाल तर हळू वालीच घ्या. दुकानदार लॉक काढून देतो म्हणाला तर त्या दुकानातून घेऊच नका, तो बॅटरीतही असलंच काही करत असेल. घेतल्यावर एकदा तुम्ही स्वतः मोकळ्या रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन बघा, 25 च्या वर जाते का, कारण मुलं मित्रांकडून नंतर लॉक काढून आणतात आणि घरी कळत नाही. हेल्मेट कायद्याने लागत नसलं तरी द्या. आणि गल्लीत शिरताना हॉर्न वाजवायला सांगा, म्हाताऱ्या माणसांना ही गाडी ऐकूच येत नाही.