वाचकांचे प्रश्न : सव्वा लाखाचा व्हिसा

प्रश्न : माझा मुलगा आयटीआयमधून वेल्डरचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झाला आहे. हिंगणा एमआयडीसीत दोन वर्षे त्याने कंत्राटदाराकडे काम केले. गेले आठ महिने तो घरीच आहे. सीताबर्डीतील एका एजंटाने सौदी अरेबियात जागा असल्याचे सांगून सव्वा लाख रुपये मागितले आहेत. ओव्हरटाइम धरून महिन्याला १,८०० रियाल हाती पडतील, असे तो म्हणतो. ऑफर लेटरवर मूळ पगार १,१०० रियाल आहे. ऑफर लेटरची झेरॉक्स सोबत पाठवीत आहे. एवढी रक्कम व्याजानेच काढावी लागेल. आम्ही काय करावे?
— एक पालक, हिंगणा रोड

उत्तर : आपण पाठविलेली झेरॉक्स आम्ही नीट पाहिली. कागदाच्या वरच्या भागात, जेथे कंपनीचे नाव व पत्ता असावयास हवा तेथे, पट्टी ठेवून झेरॉक्स काढल्याची आडवी रेघ स्पष्ट दिसते. आपण कंपनीशी परस्पर संपर्क साधाल म्हणून नाव झाकले, असे स्पष्टीकरण एजंट देईल. परंतु ज्या मालकाकडे मुलाला दोन वर्षे राहावयाचे आहे त्याचे नाव पैसे मोजण्यापूर्वी कळणे हा आपला साधा हक्क आहे, आणि ते कळल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. कागदावर एजंटाचा परवाना क्रमांकही कोठे दिसत नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील उत्प्रवासी महासंरक्षकांकडे नोंदणी करावी लागते आणि नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर कोणालाही पाहता येते. ‘मुंबईच्या ऑफिसचा परवाना आहे, मी त्यांचाच माणूस’ हे उत्तर आपल्याला बहुधा ऐकावयास मिळेल; ते पुरेसे नाही, कारण परवानाधारकाच्या नावावर परस्पर माणसे गोळा करणाऱ्या उपएजंटाला कायद्यात स्थान नाही. (या कायद्यात विनापरवाना भरतीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. सव्वा लाख मागणाऱ्याला दोन हजारांची धास्ती ती किती वाटणार!)

आता रकमेविषयी. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ३५,४०० रुपये होतात, आणि तेही पावती देऊनच घ्यावे लागतात. दुसरीकडे, सौदी अरेबियाच्या कामगार कायद्याचे कलम ४० भरतीचा, इकाम्याचा (तेथील निवास परवान्याचा), वर्क परमिटचा व काम संपल्यावर परतीच्या तिकिटाचा खर्च मालकावर टाकते. मग उरलेले नव्वद हजार कशाचे, असा प्रश्न एजंटाला विचारून पाहावा. या धंद्यातील जाणकार त्याला सरळ ‘व्हिसा विकणे’ म्हणतात: जो खर्च मालकाने करावयाचा, तोच गरजू माणसाच्या खिशातून काढून मधल्या मधल्या हातांनी वाटून घ्यावयाचा.

सव्वा लाखाचा हा आकडा आमच्या दृष्टीने पगाराच्या आकड्याहून महत्त्वाचा आहे, म्हणून हिशेब मांडून दाखवितो. रियालचा भाव २३ रुपयांच्या आसपास धरला तर १,१०० रियाल म्हणजे सुमारे २५,३०० रुपये. जेवणाखाण्याला ३०० रियाल गेले तर हाती साधारण १८,४०० रुपये उरतात. त्यातील निम्मे घरी पाठविले आणि निम्मे कर्जाला लावले, व कर्ज महिना तीन टक्क्यांचे असले, तर सव्वा लाख फिटावयास सुमारे दीड वर्ष लागते. दोन वर्षांच्या करारातील दीड वर्ष! तोच माणूस ३५,४०० रुपये काढून गेला तर चार-साडेचार महिन्यांत मोकळा होतो. जो मोकळा आहे तो पगार थकल्यावर तक्रार करू शकतो किंवा काम असह्य झाले तर परत येण्याचा विचार करू शकतो. ज्याच्या घरी महिन्याला ३,७५० रुपयांचे व्याज चढत आहे तो कशालाही नाही म्हणू शकत नाही, आणि हे तेथील मुकादमाला चांगले ठाऊक असते.

ओव्हरटाइमचे आश्वासन हिशेबात धरू नये. तेथील कायद्यानुसार जादा तासाला तासाचा पगार आणि वर मूळ पगाराच्या ५० टक्के मिळतात हे खरे; पण काम मिळेलच याची हमी कोणी देत नाही. म्हणून बोलण्यातले १,८०० विसरून कागदावरचे १,१०० हाच पगार समजावा. ‘आझाद व्हिसा’ देतो, तेथे गेल्यावर कोठेही काम करा, असे कोणी सुचविले तर तेथूनच उठून यावे. असा व्हिसा कायद्यात नाही आणि इकाम्यावरील मालकाखेरीज दुसऱ्याकडे काम करताना सापडणाऱ्याची रवानगी थेट मायदेशी होऊ शकते.

आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपला मुलगा दहावी उत्तीर्ण असेल तर त्याचा पासपोर्ट ‘ईसीएनआर’ असेल, म्हणजे आखाती देशांत जाताना त्याला उत्प्रवास मंजुरी लागणार नाही. घरात याचा अभिमान वाटतो. पण दहावी न झालेल्या मजुराची सरकारदरबारी जी नोंद होते, जो करार तपासला जातो आणि दहा लाख रुपयांच्या संरक्षणाची जी प्रवासी भारतीय विमा योजना त्याला सक्तीने घ्यावी लागते, ते सर्व आपल्या मुलाच्या बाबतीत आपोआप घडणार नाही. त्याने ई-मायग्रेटवर स्वतःहून नोंदणी करावी. मूळ पासपोर्ट एजंटाकडे ‘ठेवावयास’ देऊ नये, व्हिसा कोणत्या व्यवसायाचा आहे ते अरबी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावे, कारण वेल्डर म्हणून नेलेल्या माणसाच्या व्हिसावर ‘हमाल’ किंवा ‘सफाई कामगार’ असे लिहिलेले निघाल्यावर विमानतळावर वाद घालून उपयोग नसतो. मधल्या काळात त्याने पाइप वेल्डिंगची सहा-जी (तिरक्या, स्थिर पाइपच्या जोडाची) चाचणी द्यावी, हा आमचा आग्रह आहे. साध्या वेल्डरपेक्षा सहा-जी आणि आर्गन वायूचे वेल्डिंग जाणणाऱ्याला नागपूरजवळच्या बुटीबोरीतही अधिक भाव आहे आणि सौदीतील दम्माममध्येही.

प्रश्न : नागपूरची संत्री बाहेर जावीत हे समजते, पण आता शासनच तरुणांची ‘निर्यात’ करावयास निघाले आहे. येथे रोजगार निर्माण करण्याऐवजी माणसे पाठविणे, हा बेरोजगारीवरचा उपाय आहे काय?
— एक निवृत्त शिक्षक, महाल

उत्तर : आपला राग रास्त आहे, मात्र त्याची दिशा थोडी बदलावी असे वाटते. १८३४ पासून वसाहतींच्या मळ्यांवर गिरमिटिया (करारबद्ध) मजूर नेले जात होते, त्यांत कोकणातून मॉरिशसला गेलेले मराठी लोकही होते. ती खरोखर माणसांची निर्यात होती. आजचा तरुण स्वतःच्या इच्छेने जातो, आणि शासनाने त्यात हात घातला नाही तर तो थांबत नाही, वरच्या पत्रातल्यासारख्या एजंटाकडे जातो. केरळने याच कारणासाठी १९७७ मध्ये परदेशी नोकरभरतीसाठी स्वतःचे ओडेपेक महामंडळ काढले आणि तमिळनाडूने पुढच्याच वर्षी तसेच पाऊल टाकले. महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तो २०२४ साली. उशीर झाला, ही तक्रार आम्हीही करू.

उपाय म्हणाल तर नाही, बेरोजगारीवरचा हा उपाय नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळपेक्षाही थोडा अधिक दिसला. पण त्यावरून विदर्भाच्या घराघरांत रियाल येत असल्याचे चित्र कोणी रंगवू नये. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमुळे एके काळी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून माणसे नागपुरात कामाला येत. मिल गेली, आणि मिलमध्ये ज्या संख्येने साधे हात कामाला लागत त्या संख्येने ते नागपूरच्या नव्या मिहान प्रकल्पात लागले नाहीत. ही पोकळी कोणत्याही परदेशी कराराने भरणार नाही, कारण जर्मनीला भाषा शिकलेला, प्रमाणपत्र असलेला माणूस हवा आहे. मिल सुटलेल्याचा दहावी नापास नातू नको आहे.

प्रश्न : मी जीएनएम परिचारिका आहे. जर्मनीला जाण्यासाठी किती पैसे लागतील?
— एक वाचक, कामठी

उत्तर : पैशांच्या आधी भाषेचा विचार करावा. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळावयास साधारणतः जर्मनची बी-२ पातळी (सहा पायऱ्यांतील चौथी) लागते, आणि शून्यापासून सुरुवात करणाऱ्यास तेथपर्यंत पोचावयास वर्षभराहून अधिक नियमित अभ्यास करावा लागतो. नोकरी सांभाळून तर त्याहून जास्त. जर्मन शासनाच्या ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमात परिचारिकांकडून भरतीशुल्क घेतले जात नाही, तेव्हा ‘जागा राखून ठेवण्यासाठी’ पैसे मागणाऱ्याशी बोलणे तेथेच थांबवावे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आपली नोंदणी चालू आहे का, हे मात्र आजच पाहून घ्या. नूतनीकरण राहिले असेल तर पुढचे सारे कागद त्याच एका कागदापाशी अडतात.