बेळगावहून जानेवारीत मनालीला गाडी नेताना बर्फाचे टायर घालावेत का?

एका सहलीसाठी चार नवे टायर घेऊ नका, चाकांच्या साखळ्या घ्या. बर्फाच्या टायरचं रबर ७ अंशांखालीही मऊ राहतं, म्हणून पकड मिळते. आपले नेहमीचे टायर त्या थंडीत कडक पडतात. पण तेच मऊ रबर परत आल्यावर बेळगावच्या एप्रिलच्या उन्हात भराभर झिजतं. तरीही घ्यायचेच असतील तर टायरच्या बाजूला तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह बघा, नुसत्या 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) या खुणेवर जाऊ नका. आणि चारही बदला.

साखळ्या इंजिनाची ताकद जाते त्या चाकांना, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. टायरवरचं माप (१८५/६५ आर १५ असं काहीतरी) दाखवूनच घ्या. निघण्याआधी घरासमोर एकदा चढवून बघाच. मनालीजवळच्या सोलंगच्या वाटेवर बोटं बधिर झाल्यावर ते जमणार नाही. वेग ४० च्या आत, आणि डांबर दिसलं की लगेच काढा.

सध्याच्या टायरची नक्षी ४ मिमीपेक्षा कमी उरली असेल तर मात्र टायर बदला. कायद्याची १.६ मिमीची मर्यादा बर्फात पुरत नाही. थंडीत हवाही उतरते, मनालीत पोचल्यावर सकाळी गाडी हलवण्याआधी तपासा.